स्विचसाठी स्वस्त वायरलेस कंट्रोलर कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निन्टेन्डोचा स्विच हा गेम खेळायचा कन्सोल मार्च २०१७ मध्ये बाजारात आला, पण कंपनीने तो भारतात अधिकृतपणे विकायला ठेवला नाही. आपल्याकडच्या घरांतले बरेच स्विच दुबई-अमेरिकेहून येणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेतून आले आहेत, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा ऑनलाइन आयातदाराकडून. कन्सोल घरात येतो, दोन-तीन वर्षांत सोबतचे जॉय-कॉन हे छोटे कंट्रोलर कुरकुरायला लागतात आणि दुसऱ्या कंट्रोलरचा शोध सुरू होतो. कंपनीचा प्रो कंट्रोलर अमेरिकेतच ६९.९९ डॉलरला यायचा. आयातदाराचा नफा आणि कर धरून इथे तो आणखी महाग पडतो. म्हणून दुसऱ्या कंपन्यांचे, स्वस्त. खालचे सगळे प्रश्न त्याबद्दलच आहेत. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाल्यांसाठीही एक उत्तर आहे, पण ते फारसं आनंदाचं नाही.

खोक्यावर ‘पीसी, पीएस३, अँड्रॉइड’ लिहिलंय. स्विचला चालेल का?

नाही असंच धरून चाला. दीड-दोन हजारांतले जे वायरलेस कंट्रोलर आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतात, ते मुळात कॉम्प्युटरसाठी बनवलेले असतात. सोबत अंगठ्याच्या नखाएवढा यूएसबी डोंगल येतो आणि कंट्रोलर फक्त त्याच्याशीच बोलतो. यादीत पीएस३ (प्लेस्टेशन ३) असतो, कारण त्या जुन्या कन्सोलला साधे यूएसबी कंट्रोलरही चालायचे. ‘पीएस’ ही दोन अक्षरं दिसली की दुकानदार बिनदिक्कत “सगळ्याला चालतो साहेब” म्हणतो.

स्विचला लागतो ब्लूटूथवरून स्वतःची ओळख ‘मी प्रो कंट्रोलर आहे’ अशी करून देणारा कंट्रोलर. नुसतं ब्लूटूथ असून भागत नाही. मोबाइलला लागणारा ब्लूटूथ कंट्रोलर स्विचला दिसतही नाही. खोक्यावर किंवा ऑनलाइन वर्णनात ‘स्विच’ हा शब्द स्पष्ट हवा. एकाच नावाच्या मॉडेलच्या दोन आवृत्त्या असतात, तिथे तर डोळ्यात तेल घालून बघा. एटबिटडू कंपनीच्या ‘अल्टिमेट २सी’चंच घ्या. ‘ब्लूटूथ’ लिहिलेला स्विचसाठी आहे आणि ‘वायरलेस’ लिहिलेला डोंगलवाला, कॉम्प्युटरसाठी. दिसायला जवळपास सारखे, रंगही तसेच.

स्वस्त म्हणजे नेमकं किती?

साधारण दोन-अडीच ते चार हजार रुपये. याच्या खाली बहुतेक बिननावाचे कंट्रोलर मिळतात. ते चालतात, पण किती दिवस ते सांगता येत नाही, आणि बिघडल्यावर दाद मागायला कोणी नसतं. चार हजारांच्या वर गेलात तर थोडे आणखी घालून कंपनीचा वापरलेला प्रो कंट्रोलर बघावा का, हा विचार सुरू होतो, आणि तो रास्त आहे.

हॉल इफेक्ट म्हणजे काय? त्यासाठी जास्त पैसे द्यावेत का?

द्यावेत. या अख्ख्या पानावर ज्या एका गोष्टीसाठी मी पाचशे रुपये जास्त मोजायला सांगेन, ती हीच.

साध्या स्टिकच्या, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीच्या, खाली पोटेन्शियोमीटर असतो. कार्बनच्या पातळ पट्टीवरून धातूची बारीक जीभ घासत जाते आणि ती कुठे टेकली आहे त्यावरून स्टिक किती झुकली ते कळतं. घासली की झीज आलीच. पट्टी झिजते, तिचीच भुकटी आत साचते, आणि एक दिवस तुम्ही स्टिकला हातही न लावता पडद्यावरचा गडी आपोआप डावीकडे चालायला लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. जॉय-कॉनच्या ड्रिफ्टवरून अमेरिकेत २०१९ मध्ये दावे दाखल झाले होते आणि पुढे निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी ग्राहकांची माफीही मागितली.

हॉल इफेक्ट स्टिकमध्ये लोहचुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत. स्टिक हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, सेन्सर ते मोजतो. हा परिणाम एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधला आणि सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये तो १९९८ मध्येच वापरला गेला होता. म्हणजे तंत्र नवं नाही, स्वस्तात मिळायला लागलं ते अलीकडे. गंमत अशी की जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या जॉय-कॉनमध्येही हॉल इफेक्ट स्टिक नाहीत. आज तीन हजारांच्या कंट्रोलरमध्ये त्या मिळतात.

‘टीएमआर’ हे त्याच्या पुढचं पाऊल. तोही चुंबकाचाच खेळ, पण वीज कमी खातो आणि बारीक हालचाल जास्त अचूक टिपतो. भावात फरक नसेल तर टीएमआर घ्या. फरक असेल तर हॉलवर भागवा, हाताला फारसं वेगळं लागणार नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. हॉल म्हणजे अमर नव्हे. स्टिकला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग तीच जुनी असते आणि ती सैल होते. हलक्या कारखान्यातली हॉल स्टिक सुरुवातीपासूनच मध्यावर नीट बसत नाही. मग ते लपवायला कंपनी मोठा ‘डेडझोन’ ठेवते, म्हणजे स्टिक थोडी हलवली तर काहीच होत नाही. नेम धरायच्या खेळात हे फार जाचतं. ‘हॉल’ हा शिक्का बघून डोळे मिटून पैसे टाकू नका. हॉल फक्त स्टिकला आहे की ट्रिगरलाही (तर्जनीखालच्या चापासारख्या बटणांनाही), हेही विचारू नका, कारण स्विचच्या खेळांना ट्रिगर किती दाबला याने फरक पडत नाही. तिथे ट्रिगर म्हणजे फक्त दाबलं किंवा सोडलं.

स्वस्तात घेतल्यावर काय गमवावं लागतं?

चार गोष्टी तपासा: जायरो, कंपन, एनएफसी आणि कन्सोलला झोपेतून उठवणं.

जायरो, म्हणजे कंट्रोलर हातात वळवून नेम धरणं, हे सोडू नका. स्प्लॅटूनसारखा खेळ त्याच्याशिवाय अर्धा होतो आणि ब्रेथ ऑफ द वाइल्डमधली काही कोडी तर कंट्रोलर तिरका करूनच सुटतात. बरेच स्वस्त कंट्रोलर जायरो देतात. जे देत नाहीत ते वर्णनात त्याबद्दल मौन बाळगतात. मौन दिसलं की नाही समजा.

कंपन बहुतेकांत असतं, पण साध्या मोटरचं. निन्टेन्डोचं एचडी रंबल नाजूक असतं, त्याची सर येत नाही. काहींत तर तेही नसतं: अधिकृत परवान्याच्या होरीच्या वायरलेस होरीपॅडमध्ये कंपन नाही, पॉवरएच्या जुन्या एन्हान्स्ड वायरलेसमध्येही नाही. मला याचं दुःख होत नाही. तुम्हाला होत असेल तर बघून घ्या.

एनएफसी फक्त अमीबो बाहुल्या टेकवायला लागतं. घरात अमीबो नसतील तर विषय संपला.

होम बटण दाबून कन्सोल जागा होणं ही गोष्ट वर्णन वाचताना किरकोळ वाटते. आठवडाभराने रोज उठून डॉकपर्यंत (कन्सोल टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडपर्यंत) जाऊन बटण दाबताना ती किरकोळ वाटत नाही.

परवानाधारक घ्यावा की बिनपरवाना?

परवाना म्हणजे निन्टेन्डोने मान्यता दिलेला. खोक्यावर तसा शिक्का असतो. होरी आणि पॉवरए ही त्यातली ओळखीची नावं. एटबिटडू, गुलिकिट, गेमसर या चिनी कंपन्यांचे स्विचला चालणारे बरेच कंट्रोलर परवान्याशिवायच येतात, आणि खरं सांगायचं तर स्टिक आणि बटणांच्या बाबतीत या मंडळींनी परवानाधारकांना मागे टाकलं आहे.

बिनपरवान्याचा धोका एकच: कन्सोलचं नवं अपडेट आलं की कंट्रोलर बंद पडू शकतो. त्यामुळे ब्रँड निवडताना एकच गोष्ट पाहा. कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करता येतं का, आणि कंपनी खरंच अपडेट देते का? स्विच २ आला तेव्हा हे चांगलंच कळलं. एटबिटडूने आपल्या कंट्रोलरसाठी नवं फर्मवेअर दिलं आणि ते नव्या कन्सोलवर चालू झाले. ज्या बिननावाच्या कंट्रोलरला अपडेटची सोयच नाही, त्याच्या मालकाने कुणाकडे जायचं?

स्विच २ घ्यायचा विचार आहे. आत्ता घेतलेला कंट्रोलर तिथे चालेल?

वर्णनात ‘स्विच २’ स्पष्ट लिहिलं असेल तरच. जुन्या स्विचचा कंपनीचा प्रो कंट्रोलरही स्विच २ वर चालतो खरा, पण झोपलेल्या कन्सोलला तो उठवू शकत नाही. मित्रांशी गप्पा मारायचं (गेमचॅटचं) सी बटण आणि मागची जादा बटणं जुन्या प्रो कंट्रोलरवर नाहीत. सहा महिन्यांत कन्सोल बदलणार असाल तर थांबा.

‘१००० हर्ट्झ पोलिंग’ लिहिलंय. लॅग कमी होईल का?

पोलिंग म्हणजे कंट्रोलर आपली स्थिती सेकंदाला किती वेळा कळवतो, आणि लॅग म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर घडेपर्यंतचा उशीर. तो आकडा जवळजवळ नेहमी कॉम्प्युटरला डोंगल किंवा केबलने जोडल्यावरचा असतो. ब्लूटूथवरून स्विचला जोडलात की त्याचा काही उपयोग नाही. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या खेळात एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर असतं. बरा ब्लूटूथ कंट्रोलर आणि महागडा ब्लूटूथ कंट्रोलर यांतला फरक बहुतेकदा त्याच्याही आत असतो.

लॅग खरंच जाणवत असेल तर आधी टीव्हीची सेटिंग उघडा आणि ‘गेम मोड’ लावा. चित्र गुळगुळीत करायच्या नादात टीव्ही त्याहून कितीतरी जास्त उशीर करतो. कंट्रोलर बदलायला निघालेल्या कितीतरी लोकांचं काम या एका बटणाने झालं आहे.

मधेच कनेक्शन तुटतं. कंट्रोलर खराब आहे का?

कदाचित, पण आधी जागा बघा. ब्लूटूथ, वायफायचा जुना २.४ गिगाहर्ट्झ पट्टा आणि मायक्रोवेव्ह, सगळे एकाच गल्लीत. यूएसबी ३.० ची पोर्टं आणि हार्ड डिस्कही त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. स्विचचा डॉक टीव्हीच्या मागे, राउटरला चिकटून ठेवला असेल तर तो पुढे काढा, पडद्याच्या बाजूला ठेवा. राउटर ५ गिगाहर्ट्झवर घ्या. आणखी एक: स्विचला ब्लूटूथ हेडफोन लावले की एका वेळी दोनच वायरलेस कंट्रोलर जोडता येतात. चारजण खेळायला बसलेत आणि तिसरा कंट्रोलर जोडतच नाही, तर एकदा कोणाच्या कानात हेडफोन आहेत का ते बघा.

चार्जरला लावला तरी चार्ज होत नाही.

केबलच्या दोन्ही टोकांना यूएसबी-सी आहे का? मग हेच कारण असण्याची शक्यता जास्त. सी-टू-सी केबलमध्ये चार्जर वीज सोडण्याआधी समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचा रेझिस्टर शोधतो. काही पैसे वाचवायला कारखाने तो बसवतच नाहीत. चार्जरला समोर कुणीच दिसत नाही, तो गप्प राहतो. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल घ्या, साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला लावा, चालू होईल. मोबाइलच्या खोक्यातली ती जुनी केबल फेकू नका, एवढंच.

आतली बॅटरी बरी की पेन्सिल सेल?

आतली बरी, पण पेन्सिल सेलवाल्याला हसू नका. पॉवरएचा जुना कंट्रोलर दोन एए सेलवर ३० तास चालायचा, आणि रिचार्जेबल सेल घातले की वर्षानुवर्षं प्रश्न नाही. आतली लिथियम बॅटरी थकली की कंट्रोलर उघडावा लागतो. निन्टेन्डोच्या प्रो कंट्रोलरमध्ये १३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि ती ४० तासांच्या आसपास पुरते. स्वस्तात १० ते २० तास मिळाले तर समाधान माना.

पोरांच्या दहावी-बारावीच्या वर्षात कंट्रोलर कपाटात जातो आणि वर्षाने काढला की मेलेला निघतो. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडली की परत उठत नाही. कपाटात ठेवताना अर्धी चार्ज करून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा थोडी भरा.

मुंबईच्या, कोकणाच्या दमट हवेत काही वेगळं बघायचं का?

हो, आणि हे ऑनलाइन वर्णनात कुणी सांगत नाही. ‘सॉफ्ट टच’ किंवा रबरी मुलामा दिलेली पकड टाळा. पहिल्या दिवशी मखमली लागते. दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत तो मुलामा विरघळल्यासारखा होतो, बोटं चिकटतात, धूळ बसते आणि धुतलं तरी जात नाही. साधं, खरखरीत, नक्षी कोरलेलं प्लॅस्टिक घ्या. घामेजल्या हाताला तेच धरून ठेवतं. गोवा, रत्नागिरी, वसई-विरारकरांनी तर हा मुद्दा पहिला धरावा.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय तपासू?

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, परत करायची वेळ आली तर उपयोगी पडतो. मग स्विचच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोलर्स अँड सेन्सर्स’ उघडा. स्टिकच्या कॅलिब्रेशनच्या पडद्यावर एक वर्तुळ आणि त्यात अधिकचं चिन्ह दिसतं. स्टिक कडेपर्यंत नेऊन अलगद सोडू नका, अंगठा चटकन बाजूला घ्या. चिन्ह मध्यावर परत आलं पाहिजे, रेंगाळता कामा नये. चारही दिशांनी हेच करा. मग स्टिक कडेकडेने गोल फिरवा. वर्तुळाच्या एखाद्या बाजूला ती पोचतच नसेल, तर त्या दिशेला तुमचा गडी कायम चालेल, धावणार नाही.

आता डी-पॅड, म्हणजे बाणांची फुली. स्वस्त कंट्रोलर सगळ्यात जास्त इथे मार खातो. डावा बाण दाबून ठेवा आणि अंगठा किंचित वर-खाली डोलवा. बटणं तपासायच्या पडद्यावर लगेच ‘वर’ उमटला, तर टेट्रिसमध्ये, जिथे ‘वर’ दाबलं की तुकडा एकदम तळाला जातो, तुकडा बाजूला सरकवताना तो धाडकन खाली पडणार हे नक्की. ज्यांना जुने टूडी खेळ आवडतात त्यांनी या एका दोषावर कंट्रोलर परत करावा.

त्यानंतर सोफ्यावर जाऊन बसा, नेहमी बसता तिथेच. दोन्ही हातांनी कंट्रोलर पूर्ण झाकून, मांडीवर ठेवून खेळा. शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल शोषतं आणि हलकी अँटेना असेल तर इथेच उघडी पडते. शेवटी कन्सोल झोपवा, दहा मिनिटांनी होम दाबा. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि परत करायची मुदत संपायच्या आत व्हायला हवं. मुलाच्या वाढदिवसाला द्यायचा म्हणून महिनाभर आधी मागवून कपाटात ठेवणारे आईबाप इथेच फसतात. आधी तपासा, मग पुन्हा खोक्यात घाला.

प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्ससाठी असाच स्वस्त वायरलेस मिळेल का?

जवळजवळ नाहीच. पीएस५ चे खेळ पीएस५ वर खेळायला पीएस४ चा कंट्रोलर चालत नाही; त्यावर फक्त पीएस४ चे खेळ होतात. सोनीच्या परवान्याचे बाहेरचे वायरलेस कंट्रोलर आहेत, पण ते सोनीच्या स्वतःच्या ड्युअलसेन्स कंट्रोलरपेक्षाही महाग. भारतात पीएस५ आला तेव्हा, २०२१ मध्ये, ड्युअलसेन्सची किंमत ५,९९० रुपये होती. त्याची सवलत लागायची वाट पाहणं हाच स्वस्त मार्ग.

एक्सबॉक्स कन्सोल कंट्रोलरशी ब्लूटूथवर बोलतच नाही, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वायरलेस पद्धतीवर बोलतो. नोव्हेंबर २०२३ पासून तर बिनमान्यतेची उपकरणं कन्सोल नाकारायला लागला. केबलवाला परवानाधारक घ्या, स्वस्त पडतो.

पीएस४ ला मात्र ढिगाने मिळतात. खोक्यावर ‘ड्युअलशॉक’ या सोनीच्या खऱ्या नावाच्या जागी ‘डबलशॉक’ लिहिलेलं दिसलं तर निदान तो नकली आहे हे छापणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलंय असं समजा.

अमेरिकेहून भाऊ येतोय. त्याच्याकडून मागवू का?

मागवा. यूएसबीवर चार्ज होतो, त्यामुळे तिथल्या-इथल्या विजेचा प्रश्न नाही. हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. सुटी लिथियम बॅटरी असेल तर ती चेक-इनमध्ये चालतच नाही. वॉरंटी मात्र तिथेच राहते, म्हणून निघायच्या आधी त्याला खोकं उघडून एकदा चालू करून बघायला सांगा. तिथे स्विच नसेल तरी कॉम्प्युटरला जोडून बटणं तपासता येतात.

कॉम्प्युटरवर ए दाबलं की बी का होतं?

निन्टेन्डो आणि एक्सबॉक्सची ए-बी, एक्स-वाय बटणं उलटसुलट आहेत. स्टीममध्ये (कॉम्प्युटरवर खेळ विकत घ्यायच्या आणि चालवायच्या ॲपमध्ये) निन्टेन्डोची मांडणी वापरायची सेटिंग आहे, ती लावा.

मागची जादा बटणं आणि टर्बो कामाचे आहेत का?

मागची बटणं, हो. अंगठा स्टिकवरून न उचलता उडी मारता येते. टर्बोने बटण आपोआप ठोकलं जातं. घरी मजा आहे, पण स्पर्धेत जाणार असाल तर तिथे ते सहसा चालत नाही.

दोन मुलं आहेत. एक चांगला घेऊ की दोन साधे?

दोन. सारख्याच मॉडेलचे, वेगळ्या रंगाचे. वेगळी मॉडेलं घेतलीत तर चांगला कुणाचा यावरून रोज भांडण होईल, आणि एकसारख्या रंगाचे घेतलेत तर कुणाचा कोणता यावरून.